आधी झोप विचारा, मग गोळ्या: एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मनाची काळजी वस्तीपातळीवर कशी घ्यायची

पुण्यातल्या एका वस्तीत नव्यानेच कामाला लागलेल्या एका ताईंबरोबर मी घरभेटीला गेले होते. ताईंनी दारातूनच विचारलं, "काका, गोळ्या चालू आहेत ना?" काका म्हणाले, "हो, चालू आहेत." वहीत बरोबरची खूण झाली आणि आम्ही निघालो. दोन पायऱ्या उतरल्यावर मी सहज मागे वळून विचारलं, "झोप लागते का काका?" ते चौकटीला टेकले. "झोप कसली? बायको गेल्यापासून रात्रभर पत्र्याकडे बघत पडतो." पुढचा अर्धा तास आम्ही त्यांच्या उंबऱ्यावर बसून होतो. उठायच्या वेळी कळलं की गोळ्यांची बाटली आठवडाभर उघडलेलीच नव्हती.

ताई खोटं लिहीत नव्हत्या आणि काकाही खोटं बोलत नव्हते. "गोळ्या चालू आहेत ना" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, म्हणून माणूस "हो" म्हणून मोकळा होतो.

हा लेख आशाताई, केअर अँड सपोर्ट सेंटरच्या आउटरीच वर्कर, लिंक वर्कर आणि स्वतः एचआयव्हीसह जगत दुसऱ्यांना आधार देणारे पिअर यांच्यासाठी आहे. पुण्याला या आजाराचं वैद्यकीय ज्ञान कमी नाही. भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्येच उभी राहिली, आणि देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांचा उपचार, १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. तुटवडा आहे तो उंबऱ्यावर अर्धा तास बसणाऱ्या माणसाचा. मन खचलं की गोळी सुटते, गोळी सुटली की विषाणू वाढतो, अंग खंगतं आणि मन आणखी खचतं. हे चक्र तोडायला प्रत्येक वेळी मनोविकारतज्ज्ञच लागतो असं नाही.

झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केला. दवाखान्याबाहेरच्या बाकावर वस्तीतल्याच आज्या बसायच्या आणि आलेल्याचं ऐकून घेऊन त्याला एकेक अडचण सोडवायला मदत करायच्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीतले दहातले साधारण चार जण एचआयव्हीसह जगणारे होते, आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा बरीच कमी होती. तिथल्या शोना भाषेत या त्रासाला 'खूप विचार करणं' अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडेही बायका हेच म्हणतात: "ताई, विचार फार येतात." इतक्या लांबचं उदाहरण नको असेल तर आपल्याच इंडियन लॉ सोसायटीतल्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' नावाचं काम उभं केलं. तिथेही गावातल्याच स्वयंसेवकांनी चार-सहा बैठकांत ही मदत केली.

पायरी पहिली: गल्लीला कळू न देता घरात शिरायचं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

एखाद्याला एचआयव्ही आहे हे तुम्हाला कळण्याचे योग्य मार्ग दोनच. एक तर त्याने स्वतः सांगितलं, किंवा त्याच्या संमतीने एआरटी केंद्राने तुमच्याकडे पाठवलं. शेजारणीने कानात सांगितलं असेल तर ते ऐकलंच नाही असं वागायचं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करायला त्यात बंदी आहे. तुमच्या नवऱ्याला, सुपरवायझरशिवाय दुसऱ्या सहकाऱ्याला, सोसायटीच्या चेअरमनला, कुणालाही ती सांगता येत नाही.

एकाच दारी वारंवार गेलात की गल्ली हिशोब मांडते. म्हणून त्या रांगेतल्या चार घरी जा. सगळ्यांचं बीपी विचारा, लसीकरणाचं विचारा, आणि त्यातलंच हे एक घर असू द्या. पहिल्याच भेटीत ठरवून घ्या: "कुणी विचारलं तर मी कशासाठी येते म्हणून सांगायचं?" उत्तर त्यांनीच द्यायचं. एका वहिनींनी मला शिवणकामाच्या वर्गाची बाई केलं होतं. त्या निमित्ताने दोन ब्लाउज खरंच शिवून झाले.

एआरटीची हिरवी वही हातात मिरवू नका. फोनमध्ये नाव साठवताना पुढे 'एआरटी' जोडू नका. व्हॉट्सॲपवर गोळ्यांचा, तपासणीचा किंवा केंद्राचा उल्लेख नको, कारण वस्तीत फोन एकट्याचा नसतो. सकाळी बायकोकडे असलेला फोन दुपारी मुलाच्या हातात असतो. तुमच्या प्रोफाइलला एड्सची खूण असलेल्या लाल फितीचं चित्र असेल तर तेही काढा. आणि "आपल्या सगळ्या पेशंटचा एक ग्रुप करू या" हा उत्साह कुणी दाखवला तर तिथल्या तिथे थांबवा, कारण ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. फोन केला की पहिलं वाक्य एवढंच: "आत्ता बोलायला जमेल का?"

दहा बाय दहाच्या खोलीत सासू, दीर आणि टीव्ही असताना मनातलं कोण बोलणार? बाहेर भेटा. सारसबागेतलं बाकडं, पर्वतीच्या पायऱ्या, महापालिकेच्या दवाखान्यामागचा कट्टा, जिथे त्यांना मोकळं वाटेल तिथे. एक हमाल काका मार्केट यार्डातल्या चहाच्या टपरीवर बोलायचे. गर्दीत कुणाचं लक्ष नसतं, हा त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता.

पायरी दुसरी: बोलणं उघडायचं

'नैराश्य' हा शब्द फॉर्मवरचा आहे. माणसं म्हणतात: डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, मन रमत नाही, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, कशातच राम राहिला नाही, सारखी चिडचिड होते. पुरुष तर बरेचदा "ॲसिडिटी झालीय" इथपासून सुरू करतात. जो शब्द समोरच्याने वापरला तोच आपण वापरायचा. "धडधड कधी होते? रात्री जास्त होते का?"

सुरुवात झोपेपासून करा. मग भूक, मग काम, मग घरातलं बोलणंचालणं. झोपेबद्दल सांगायला कुणाला लाज वाटत नाही. गोळ्यांचं शेवटी विचारा, आणि असं विचारा: "गोळी कधीमधी राहतेच सगळ्यांची. गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?" राहणं गृहीत धरून विचारलं की खरं सांगणं सोपं जातं. दोनदा राहिली म्हणाले तर "अहो असं कसं चालेल" म्हणायचं नाही. "कुठल्या दिवशी राहिली? त्या दिवशी काय झालं होतं?" एवढंच. उत्तरात बहुतेक वेळा भांडण, पाहुणे, दारू किंवा रडणं निघतं, आणि तीच तुमच्या कामाची जागा.

एक प्रश्न कायमचा बंद करा: "हे कुणाकडून झालं?" त्या उत्तराने मदतीत काडीचाही फरक पडत नाही. विचारणाऱ्याचं कुतूहल तेवढं भागतं.

"टेन्शन घेऊ नका", "सगळं नीट होईल", "तुमच्यापेक्षा वाईट परिस्थितीतले लोक आहेत" ही तीन वाक्यं आपल्या तोंडात बसलेली आहेत. ऐकणाऱ्याला त्यांचा अर्थ 'आता पुरे' असा पोचतो. त्याऐवजी जे ऐकलं तेच थोडक्यात परत सांगा: "म्हणजे सासूबाईंनी ताट वेगळं केलं तेव्हापासून जेवणावरची वासनाच उडाली." आणि गप्प बसा. रडू आलं तर पाण्याचा ग्लास पुढे करा. पुढचा प्रश्न थांबू शकतो.

पायरी तिसरी: दोन प्रश्न

तीस वर्षांवरच्यांचा सीबॅक, म्हणजे आजारांच्या प्राथमिक तपासणीचा फॉर्म भरणाऱ्या आशाताईंना हे प्रश्न माहीत असतात, कारण ते त्या फॉर्मच्या शेवटीच आहेत. घाईत मात्र तिथे सरळ शून्य लिहिलं जातं. बोलीत ते असे विचारता येतात:

"गेल्या दोन आठवड्यांत, एरवी आवडणाऱ्या गोष्टीतही मन लागत नाही असं किती दिवस झालं?"

"गेल्या दोन आठवड्यांत उदास, खचल्यासारखं, आता काही खरं नाही असं किती दिवस वाटलं?"

अजिबात नाही म्हणाले तर ०, काही दिवस असेल तर १, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर २, जवळजवळ रोज असेल तर ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची नऊ प्रश्नांची तपासणी हवी. ती एआरटी केंद्रातले समुपदेशक किंवा दवाखान्यातले डॉक्टर करतील, प्रशिक्षण झालेलं असेल तर तुम्हीही करू शकता. नऊ प्रश्नांत १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे पाठवायचंच. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचाराबद्दलच्या प्रश्नाला, शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बेरीज बघत बसू नका, थेट पायरी सातवर जा.

ही बेरीज म्हणजे निदान नाही. "तुम्हाला डिप्रेशन आहे" असं सांगायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नव्हता. "दोन आठवडे त्रास होतोय, यावर मदत मिळते, आपण विचारून बघू" एवढं पुरतं.

हे प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. काही दिवस जास्त नाजूक असतात: रिपोर्ट हातात आल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे, जोडीदाराला कळल्यानंतरचे दिवस, गरोदरपण आणि बाळंतपण, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढल्याचं कळतं तो दिवस, आणि जोडीदाराचं वर्षश्राद्ध. वहीत या तारखा सांकेतिक खुणेने लिहून ठेवा.

पायरी चौथी: शरीराचं आहे का, ते आधी बघा

सगळंच मनाचं नसतं. आता बहुतेकांना रोज एकच गोळी असते, आणि तिच्यात डोल्यूटेग्रॅविर असतं. काहींची झोप त्याने उडते. रात्री घेणाऱ्याला डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगू शकतात, आणि काही वेळा तेवढ्यानेच काम होतं. वेळ तुम्ही बदलू नका, केंद्रात विचारायला लावा. आधीच्या काळी एफाविरेन्झ असायचं, त्याने भयानक स्वप्नं पडायची, चक्कर यायची. जुन्या पेशंटच्या मनात त्या वेळची भीती अजून असते. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही केंद्रात सांगायला लावा. रिकाम्या पोटी एचआयव्हीच्या गोळीबरोबर घेतली तर त्या गोळीचा परिणाम कमी होतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरिनने उदासी येऊ शकते, भासही होऊ शकतात. रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं तरी माणूस गळून जातो.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. डोकं असह्य दुखतंय, ताप आहे, उलट्या होतायत, माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलाय, ओळखत नाही, झटका आला किंवा एका बाजूची ताकद गेली, तर हे मेंदूतल्या संसर्गाचं लक्षण असू शकतं. घरचे "बाहेरचं काहीतरी झालंय" म्हणून दुसरीकडे न्यायच्या तयारीत असतील. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. "तिकडे नंतर जाऊ, आधी ससून हॉस्पिटलला दाखवू" म्हणा आणि १०८ ला फोन करा.

पायरी पाचवी: एकेक अडचण सुटी करायची

तुमचं खरं काम इथे आहे. चार ते सहा भेटी, प्रत्येक अर्ध्या तासाची, शक्यतो आठवड्याच्या अंतराने.

पद्धत उदाहरणातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सहकारनगरला धुणंभांडी करणाऱ्या एक वहिनी. नवरा गेलेला, मुलगा आठवीत. पहिल्या भेटीत त्यांनी अडचणी सांगितल्या त्या एका दमात: सासूने ताट-पेला वेगळा केला, खोलीभाडं थकलं, कामावर कळलं तर हाकलतील, मुलाला कधी सांगायचं, आणि एआरटीच्या दिवशी चार घरांचा खाडा होतो.

पहिलं काम यादी करायचं. लिहिता येत नसेल तर बोटांवर मोजा, पण एकेक वेगळी करा. ढीग दिसतो तेव्हा माणूस हात टेकतो, मोजला की पाचच निघतात. दुसरं, त्यातली एक निवडायची, आणि ती त्यांनी निवडायची. मला वाटलं होतं, ताटाचं दुखणं सगळ्यात मोठं. वहिनींनी निवडला खाडा. "मॅडम, ताटाचं बघू नंतर. दर महिन्याला काय थापा मारायच्या त्यांच्याकडे, तेच सुचत नाही."

तिसरं, मार्ग काढायचे. बरेवाईट सगळे सांगू द्या, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. वहिनींनी चार सांगितले: बहिणीला पाठवायचं, काम सोडायचं, एका मालकिणीला खरं सांगायचं, नाहीतर केंद्रात जास्त दिवसांच्या गोळ्या मागायच्या. चौथं, प्रत्येकाचा फायदा-तोटा त्यांच्याच तोंडून घ्यायचा आणि एक ठरवायचा. तब्येत स्थिर असलेल्यांना एकदम काही महिन्यांच्या गोळ्या मिळण्याची सोय आहे. वहिनींना ते माहीत होतं, पण विचारायचा धीर होत नव्हता. पाचवं, पाऊल इतकं लहान करायचं की ते घडेलच: "सोमवारी समुपदेशक मॅडमना हे एकच वाक्य विचारायचं." वाक्य आम्ही दोघींनी घोकलं. सहावं, पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्याचाच. झालं असेल तर ते कसं जमवलं ते सविस्तर सांगायला लावा. नसेल झालं तर पाऊल मोठं पडलं, आणखी लहान करा. दोष माणसाचा नाही.

वहिनींना तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. त्यांचे विचार थांबले नाहीत, पण पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःहून ताटाचा विषय काढला. त्यांच्या परवानगीने सासूबाईंना एकदा समुपदेशकांकडे नेलं. एकत्र जेवल्याने, एका कपातून चहा प्यायल्याने, एक संडास वापरल्याने हा आजार पसरत नाही, हे कोट घातलेल्या माणसाकडून ऐकल्यावर त्या निदान गप्प बसल्या. ताट अजून वेगळंच आहे. कप मात्र एक झालाय.

याच्या जोडीने दुसरी एक युक्ती चालते. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: भजन, मंडळ, संध्याकाळी कट्ट्यावर जाणं. मन लागलं की जाऊ असं तो म्हणतो, पण आधी गेलं तर मन थोडं लागतं. म्हणून सुटलेली एक गोष्ट, दिवस आणि वेळ ठरवून, परत सुरू करायची. एका दादांनी मंडळात जाणं सोडलं होतं. आरतीला न थांबता फक्त दहा मिनिटं मांडवात उभं राहायचं एवढंच ठरवलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांच्या हातात टाळ दिला.

सणांचं आणखी एक: गणपती, दिवाळी, पालखीबरोबर चालत जाणं, गावची जत्रा, या दिवसांत गोळ्या हमखास राहतात. गावाला निघायच्या आधीच्या भेटीत पिशवीत किती गोळ्या, कुठे ठेवणार, चुलतभावाने विचारलं तर कशाच्या म्हणून सांगणार, हे बोलून घ्या.

अपराधीपणाचं ओझं फार जणांच्या बोलण्यात येतं. "माझ्यामुळे तिला झालं तर?" इथे नेमकी माहिती औषधासारखी लागू पडते. नियमित एआरटीने रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो सापडत नाही त्या स्थितीत लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. स्तनपानाला हा नियम जसाच्या तसा लावू नका, त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वेगळा असतो. उपचार सुरू झाल्यावर व्हायरल लोडची तपासणी सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा होते. "तुमची शेवटची तपासणी कधी झाली, आकडा काय आला?" हे विचारा. आकडा चांगला आला असूनही तो कुणी नीट समजावून सांगितलेला नसतो, असं मी कितीदा पाहिलंय.

जोडीदाराला सांगायचं का, कधी, कसं, यासाठी हवी तेवढी तयारी करून घ्या. प्रसंग मांडून बघा, तुम्ही नवरा व्हा, त्यांना बोलू द्या. पण तुम्ही स्वतः सांगायचं नाही. ठरावीक परिस्थितीत जोडीदाराला सांगण्याची मुभा कायद्याने डॉक्टर आणि समुपदेशकांना दिली आहे, आणि त्यांनाही अटी आहेत. घरात मारहाणीची शक्यता असेल तर घाई मुळीच करू नका.

पायरी सहावी: दारू

"प्यायलो की गोळी घेत नाही ताई, दोन्ही मिळून अंगाला लागेल." हे उत्तर इतकं ठरलेलं आहे की मी आता वाटच बघते. दारू वाईटच, पण ती प्यायली म्हणून एचआयव्हीची गोळी चुकवणं त्याहून जास्त नुकसानीचं आहे. पहिला करार एवढाच करा: प्यायलात तरी गोळी घ्यायची. सकाळी चहाबरोबर गोळी ठरवली तर संध्याकाळच्या बाटलीशी तिची गाठच पडत नाही. पुन्हा तेच, वेळ बदलायची ती केंद्रात विचारून.

सकाळी उठल्या उठल्या लागणारी, न मिळाल्यास हात थरथरणारी दारू असेल तर "आजपासून बंद" असं चुकूनही सांगू नका. एकदम तोडल्याने झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. अशांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायचं. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे काम १९८६ पासून करतंय.

पायरी सातवी: मरणाची भाषा

"कंटाळा आलाय जिवाचा", "देव नेत पण नाही", "पोरगी उजवली की मी मोकळी." ही वाक्यं बोलण्याच्या ओघात येतात आणि आपण ती सोडून देतो. सोडू नका. शांतपणे, सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट आत कोंडलेलं पहिल्यांदा बाहेर येतं.

"हो" आलं तर पुढचं विचारा. कसं करायचं ठरवलंय का? ते साधन घरात आहे का? याआधी कधी केलं होतं का? आज तसं वाटतंय का? बेत आणि साधन दोन्ही असेल, किंवा आजचंच बोलत असतील, तर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही. उंदराचं औषध, कीटकनाशक, घरात साठलेल्या गोळ्या नजरेआड करा. एचआयव्हीच्या आणि टीबीच्या गोळ्यांचा साठा आजाराबद्दल आधीच माहीत असलेल्या, विश्वासातल्या माणसाकडे ठेवून रोजची रोज द्यायची सोय करा. मग १०८, किंवा रिक्षाने ससूनचा अपघात विभाग, जो रात्रीही उघडा असतो. इथे गुप्ततेचा अर्थ थोडा बदलतो. जिवाला धोका आहे हे घरातल्या एकाला सांगावं लागतं. एचआयव्हीचं मात्र तेव्हाही सांगायचं नाही.

विचार येतात पण बेत नाही, असं असेल तर त्याच दिवशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर तुमच्या समोरच फोन लावून द्या. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. दोन दिवसांत परत भेटायला जा. "पोलीस केस होईल" या भीतीने घरचे लपवतात. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायला सांगितलंय, आणि नव्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही.

पायरी आठवी: पाठवू नका, घेऊन जा

चिठ्ठी दिली की काम संपलं असं समजू नका. ससूनमध्ये एआरटी केंद्र आहे, मनोविकार विभागही आहे, पण केसपेपरची रांग, पुढे कुठल्या खोलीत जायचं आणि तिथे मोठ्याने पुकारलेलं नाव, एवढ्यात निम्मे जण परततात. पहिल्या खेपेला बरोबर जा. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना वायसीएम रुग्णालय जवळ पडतं. औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय हेही पर्याय आहेत. मात्र येरवड्याचं नाव काढलं की "मी काय वेडा आहे?" हे ऐकावं लागेल. म्हणून आधी एआरटी केंद्राच्या समुपदेशकांमार्फत प्रयत्न करा, कारण तिथे जाणं त्यांना सवयीचं असतं.

मनाची गोळी सुरू झाली तर तीन गोष्टी सांगून ठेवा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि मनोविकारतज्ज्ञांना एआरटी चालू असल्याचं सांगितलं तर ते जुळणारं औषध देऊ शकतात. ते सांगायचं की नाही हा निर्णय मात्र पेशंटचा.

कधीकधी डोक्यावरचं ओझं कागदाचंच असतं. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांनाही अनुदान आहे, त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज लागतो. सासरचे घराबाहेर काढत असतील तर एचआयव्ही कायद्यातच राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो. अर्ज कुणाच्या टेबलावरून जाणार आणि त्यावर आजाराचं नाव किती जणांना दिसणार, हे अर्जाआधी नीट बोला. एका बाईंनी या एकाच कारणासाठी अर्ज केला नाही, आणि मी त्यांना आग्रह केला नाही. आजाराबद्दल शंका असेल तर १०९७ हा मोफत नंबर त्यांच्याकडे असू द्या.

मुलांबद्दल थोडंच सांगते, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुलाला शाळेच्या वयात, टप्प्याटप्प्याने, त्याच्या समजेप्रमाणे सांगावं. "शक्तीच्या गोळ्या" हे उत्तर दहाव्या-अकराव्या वर्षी पुरत नाही, आणि पोरगं मोबाइलवर औषधाचं नाव शोधून एकटंच सत्याला सामोरं जातं. कॉलेजच्या वयात गोळ्या सोडणाऱ्या मुलांना भाषण देऊ नका. त्यांच्याच वयाचा, गोळ्या घेत नोकरी करणारा एखादा दादा भेटवून द्या, अर्थात दोघांच्याही परवानगीने.

पायरी नववी: तुमचं स्वतःचं

दिवसाला मनाचं ऐकण्याच्या तीनपेक्षा जास्त भेटी ठेवू नका. चौथ्या घरी तुम्ही ऐकत नसता, फक्त मान हलवत असता. रात्री फोन किती वाजेपर्यंत उचलणार ते पहिल्याच भेटीत सांगा, त्यानंतरसाठी १४४१६ द्या. पैसे उसने देऊ नका. मी एकदा पाचशे दिले होते, त्यानंतर तीन महिने त्या मावशी मला बघून गल्ली बदलायच्या. पैशापायी भेटीच बंद झाल्या.

पंधरा दिवसांतून एकदा समुपदेशकांबरोबर किंवा सुपरवायझरबरोबर बसून, नावं न घेता, अवघड प्रसंग बोलायची वेळ मागून घ्या. मानधन तुटपुंजं, फॉर्म ढीगभर, त्यात हे दुसऱ्याचं दुःख घरी न्यायचं. अशाने ताईच आजारी पडतात. तुमच्याकडचा कुणी वारला, कुणी जीव दिला, तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी वही उचलू नका. झोप उडाली असेल तर ते दोन प्रश्न स्वतःलाही विचारा.

आणि कधीतरी तुमची बदली होईल, काम सुटेल. त्या वेळी न सांगता नाहीसं होऊ नका. निदान दोन भेटी आधी सांगा. नवीन ताईंना नाव सांगायचं का, हे विचारा. "हो" म्हणाले तर एकदा त्यांना बरोबर घेऊन जा आणि तिघं मिळून चहा प्या. "नको" म्हणाले तर तुमच्या वहीतली त्यांची पानं त्यांच्यासमोरच फाडून टाका, आणि केंद्रातल्या कुणाकडे जायचं ते एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.